मैदान, गाणं आणि पुस्तक: नव्या चाहत्याने सुरुवात कशी करावी

फुटबॉल आवडायला लागलाय, गाणं मन लावून ऐकावंसं वाटतं, वाचायलाही सुरुवात करायची आहे. पण नेमकं कुठून शिरायचं ते कळत नाही, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. तिन्ही गोष्टींना सामान फारसं लागत नाही. वेळ लागतो, तोही बेताचाच. पण तो ठरलेला हवा. गोडी लागते ती परत परत जाण्याने, एवढं एक मनाशी पक्कं करा. तोच संघ, तेच गाणं, तोच लेखक. दहा संघांचे गोल मोबाइलवर पाहून जे हाती लागत नाही, ते एका संघाचे लागोपाठ पाच-सहा सामने उभं राहून पाहिल्यावर आपोआप कळायला लागतं.

आधी संघ निवडा

तिन्हींपैकी मैदानाला पहिला मान द्या, कारण सामन्याचा दिवस आणि वेळ दुसरं कुणीतरी ठरवतं. पुस्तक उद्यावर ढकलता येतं, गाणं रात्री ऐकता येतं. सामना मात्र शिट्टी वाजली की सुरू होतो. आठवड्यात ही एक खुंटी पक्की झाली की बाकीच्या गोष्टी तिच्या आजूबाजूला बसवता येतात.

संघ निवडताना गुणतक्ता पाहू नका, अंतर पाहा. चालत किंवा सायकलवर जाता येईल असं मैदान आणि तिथे नियमित खेळणारा संघ, एवढं पुरे. पुरुषांचा असो, महिलांचा असो, कॉलेजचा असो की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचा, शिकण्यासारखं सगळीकडे असतं. फक्त तो संघ साखळी स्पर्धेत खेळतो की बाद फेरीच्या, हे विचारून घ्या. बाद फेरीत पहिल्याच दिवशी हरला तर तुमचा हंगाम त्याच संध्याकाळी संपला. साखळीत सामने ठरलेले असतात, संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतो, आणि सुधारणा किंवा घसरण डोळ्यांसमोर घडते. म्हणून नवख्याने साखळीतला संघ धरावा आणि हंगामभर तो सोडू नये.

पहिल्या सामन्याला अर्धा तास आधी पोहोचा. सराव चालू असतो, तो नीट बघा. कोणत्या खेळाडूचा डावा पाय चालतो, गोलकीपर उंच आलेले चेंडू पकडतो की मुठीने ढकलतो, फ्री किकचा सराव कोण करतंय, हे सगळं तेव्हाच दिसतं. जर्सीचे चार-पाच क्रमांक लक्षात ठेवले तरी सामना निम्म्याने सोपा होतो. सगळे बावीस पाठ करायचा प्रयत्न करू नका.

कुठे उभं राहायचं

टीव्हीवरचा कॅमेरा उंचावरून आणि मध्यावरून दाखवतो, त्यामुळे आपल्यालाही मधली जागा हवीशी वाटते. स्थानिक मैदानावर उंच जागा बहुधा नसतेच. मग पहिल्या डावात गोलच्या थोडं बाजूला, मागच्या अंगाला उभे राहा. तिथून बचावफळी एका ओळीत दिसते, ती कधी पुढे सरकते, कधी मोडते ते कळतं. दुसऱ्या डावात टच लाइनलगत, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेजवळ, पेनल्टी क्षेत्राच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) रेषेच्या आसपास जा. ती रेषा गोललाइनपासून १६.५ मीटरवर असते आणि हल्ल्यातल्या निम्म्या गोष्टी तिच्या आगेमागेच घडतात.

जमिनीच्या पातळीवरून खेळ वेगवान वाटतो, सुरुवातीला गोंधळही होतो. पण इथे एक गोष्ट मिळते जी मोठ्या स्टेडियमच्या गोंगाटात मिळत नाही: खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. 'मागे माणूस आहे', 'वेळ आहे', 'परत दे', 'बाहेर ढकल'. चांगला गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत असतो. चेंडू त्याच्यापासून लांब असतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त बोलतो, कारण पूर्ण मैदान समोर दिसणारा संघात तो एकटाच. कुणाचं ऐकून कोण जागा बदलतंय हे पाहायला लागलात की सामना आतून उलगडायला लागतो.

चेंडूवरची नजर काढा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. नव्या प्रेक्षकाची नजर चेंडूला चिकटलेली असते आणि ते स्वाभाविकच आहे. पण एका खेळाडूच्या पायात चेंडू सामन्यातली मोजकीच मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूशिवाय खेळत असतो. खरं फुटबॉल तिथे आहे.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात असं करा. एक खेळाडू निवडा, शक्यतो तुमच्या बाजूने खेळणारा बचावपटू, म्हणजे उजवा किंवा डावा बॅक. पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू पलीकडच्या टच लाइनवर आहे. हा इकडे काय करतोय? तो आत सरकून मधल्या बचावपटूच्या जवळ येतो, कारण समोरच्याने लांब क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, टाकला तर गोलच्या दुसऱ्या खांबाजवळची जागा त्यानेच सांभाळायची असते. चेंडू मध्यावर आला की तो दोन पावलं मागे होतो, मान वळवतो, आपल्या पाठीमागे कुणी शिरत नाही ना ते बघतो. चेंडू त्याच्या बाजूला आला की समोरच्या विंगरवर (कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूवर) धावून जातो, पण शेवटच्या तीन पावलांत वेग कमी करतो, अंग तिरकं करतो आणि त्याला टच लाइनकडे जाऊ देतो, आत येऊ देत नाही. तिथे टच लाइन हाच त्याचा दुसरा साथीदार. हे एकदा दिसलं की विंगर बाहेरून गेला तर 'बचाव चुकला' असं तुम्ही म्हणणार नाही. त्याला बाहेर घालवणं हाच बेत होता.

मान वळवण्याची सवय वेगळी लक्षात ठेवून बघा. पास मिळण्याआधी एक-दोनदा खांद्यावरून मागे बघणारा मधल्या फळीतला खेळाडू चेंडू आल्या आल्या वळू शकतो. न बघणारा चेंडू थांबवतो, मग बघतो, आणि तोवर कुणीतरी अंगावर आलेलं असतं. स्थानिक संघात पुढच्या पातळीवर जाऊ शकेल असा खेळाडू ओळखायची ही माझी पहिली कसोटी आहे. पायातली कारागिरी नंतर.

एक खेळाडू जमला की तिघांचा गट धरा: बॅक, त्याच्या पुढचा विंगर आणि मधल्या फळीतला जवळचा खेळाडू. या तिघांचा त्रिकोण सतत लहान-मोठा होत असतो. त्यानंतर पूर्ण संघाची मांडणी. ४-४-२ किंवा ४-३-३ हे आकडे मागून पुढे मोजतात आणि गोलकीपर त्यात धरत नाहीत. मांडणी बघायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे प्रतिस्पर्ध्याची गोलकिक, चेंडू गोललाइनबाहेर गेल्यावर त्यांच्या गोलजवळून मारतात ती. त्या क्षणी सगळे आपापल्या जागी उभे असतात. खेळ सुरू झाला की आकडे लगेच विस्कटतात, त्यांची फार काळजी करू नका.

नियम: ऑफसाइड नीट समजून घ्या, बाकीचे जाता जाता कळतील

मैदानाशेजारच्या वादांपैकी बहुतेक ऑफसाइडवरून होतात, आणि वाद घालणाऱ्या अनेकांना नियमाचा अर्धाच भाग माहीत असतो. पूर्ण नियम असा. साथीदार चेंडू मारतो त्या क्षणी, चेंडू पोहोचतो त्या क्षणी नव्हे, आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात असेल, चेंडूच्या पुढे असेल आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. तो शेवटून दुसऱ्याच्या अगदी बरोबरीत असेल तर चालतं. हात मोजत नाहीत. डोकं, धड आणि पाय मोजतात. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलकीपर असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू बघितला की भागतं. पण गोलकीपर पुढे निघून आला असेल तर गणित बदलतं, आणि तिथेच लोक फसतात.

नुसतं ऑफसाइडच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला, कुणाला अडवलं किंवा त्या जागेचा फायदा उठवला, तरच शिट्टी वाजते. आणि गोलकिक, थ्रो-इन व कॉर्नर यांवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नसतोच.

हा नियम खेळ किती बदलतो त्याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. १९२५ पर्यंत आघाडीच्या खेळाडूपुढे दोन नव्हे, तीन प्रतिस्पर्धी लागत. एक बचावपटू पुढे सरकला की समोरचे सगळे ऑफसाइड होत आणि गोल आटले होते. त्या वर्षी तीनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात, तितक्याच सामन्यांत, १,७०३ झाले. मग गोल रोखायला संघांनी मधला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला मधला खेळाडू, मागे ओढून तिसरा बचावपटू केला. आज आपण मांडणी म्हणून जे काही बघतो, त्यातलं बरंचसं अशा नियमबदलांना दिलेलं उत्तर आहे. १९९२ मध्ये साथीदाराने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलकीपरने हातात घेण्यावर बंदी आली, आणि पायाने खेळणारा गोलकीपर हळूहळू गरजेचा झाला. तुमच्या मैदानावरचा पोरसवदा गोलकीपर पायाने पास देताना घाबरतोय ना, त्याच्यामागे हा बदल आहे.

लाइन्समनचं, म्हणजे कडेने धावणाऱ्या सहायक पंचाचं, निशाण वाचायला शिका, फार सोपं आहे. ऑफसाइडसाठी तो निशाण सरळ वर धरतो. रेफरीने शिट्टी वाजवली की निशाणाच्या कोनावरून जागा कळते: तिरकं वर म्हणजे पलीकडच्या बाजूचा खेळाडू, आडवं सरळ म्हणजे मधला, तिरकं खाली म्हणजे जवळचा. रेफरीचा एक हात डोक्यावर उभा असेल तर ती अप्रत्यक्ष फ्री किक आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श झाल्याशिवाय थेट गोल धरत नाहीत. दोन्ही हात पुढे पसरले तर फाउल झालाय, पण फायदा पाहून खेळ चालू ठेवलाय. पिवळ्या आणि लाल कार्डाची पद्धत विश्वचषकात पहिल्यांदा १९७० साली मेक्सिकोत आली. त्याआधी ताकीद तोंडीच असे, आणि भाषा वेगळी असली की गोंधळ होई.

आणखी एक छोटा नियम, ज्यावरून दर सामन्यात कुणीतरी ओरडतंच: चेंडू रेषेबाहेर जाण्यासाठी तो पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो, जमिनीवर असो की हवेत. रेषेवर असलेला चेंडू आतच धरतात. गोललाइनलाही हेच लागू आहे.

लहान मुलांच्या, वयस्कांच्या आणि हौशी सामन्यांत डावाची वेळ, मैदानाचा आणि चेंडूचा आकार, बदली खेळाडूंची संख्या यांत फरक करायला खेळाचे नियमच मोकळीक देतात. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत आला तर गडबडू नका. त्या स्पर्धेत तशी परवानगी असू शकते. शंका आली की मध्यंतरात आयोजकांना विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं.

मैदानाबाहेरची वागणूक

दोरी किंवा रेषा आखलेली असेल तर तिच्या मागे राहा. रेफरीला शिव्या देऊ नका. स्थानिक सामन्याचा रेफरी पुष्कळदा एकटा असतो, लाइन्समनही नसतात, आणि त्याने शिट्टी टाकून दिली तर सामनेच होणार नाहीत. मुलांच्या सामन्यात बाहेरून सूचना देऊ नका. प्रशिक्षक एक सांगतो, तुम्ही दुसरं सांगता, आणि पोर मध्ये अडकतं. टाळ्या मात्र दोन्ही बाजूंच्या चांगल्या खेळाला द्या, आणि मोठ्याने द्या. पन्नास माणसांच्या गर्दीत एका माणसाची टाळी खेळाडूला खरोखर ऐकू जाते. मैदानाजवळ असण्याचं हे फार मोठं सुख आहे.

चार-सहा सामने झाले की रेषा आखायला, जाळी बांधायला, चेंडू आणून द्यायला हात लागतो का विचारा. ज्याने एकदा चुन्याची फक्की ओढत कॉर्नरपासून कॉर्नरपर्यंत रेषा मारली, त्याला मैदान किती मोठं असतं ते पायांनी कळतं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्या चौकटीखाली स्वतः उभं राहून बघा. पेनल्टीच्या ११ मीटरवरून तो केवढा दिसतो आणि आतून केवढा वाटतो, यातला फरक तिथेच समजतो.

आता गाणं: एकच ध्वनिमुद्रण, आठवडाभर

संगीतात नवख्याची अडचण उलटी असते. इथे सगळं एका बोटावर उपलब्ध आहे, म्हणून काहीच नीट ऐकलं जात नाही. उपाय साधा आहे. आठवड्याला एकच ध्वनिमुद्रण घ्या, पंधरा-वीस मिनिटांचं. कुठल्याही प्रकारचं चालेल: ख्याल, जॅझ, चित्रपटसंगीत, सिंफनीचा एक भाग. आठवड्यात ते तीनदा ऐका, प्रत्येक वेळी वेगळ्या कानाने.

पहिल्यांदा काही करू नका, फक्त ऐका. हातात फोन नको, दुसरं काम नको. दुसऱ्यांदा फक्त लय धरा. तिसऱ्यांदा मुख्य आवाज सोडून एक वाद्य पकडा, तंबोरा असेल, बास गिटार असेल, दुसरं व्हायोलिन असेल, आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे जा. चेंडू सोडून बॅककडे बघायला शिकलात, तीच नजर इथे कानाला लावायची.

लय धरायची म्हणजे काय, ते तीनतालावर करून बघू. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. ठेका असा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात उलटा करून हवेत. मध्य लयीतली एखादी बंदिश लावा आणि हाताने हे करत राहा. सुरुवातीला हात चुकेल. मग तबल्याचा आवाज ऐका: खालीजवळ डग्ग्याची (जोडीतल्या मोठ्या, खोल आवाजाच्या वाद्याची) घुमार नाहीशी होते, 'तिं तिं ता' कोरडं वाजतं, आणि चौदाव्या मात्रेपासून घुमार परत येते. हात चुकला तरी ही घुमार तुम्हाला वाट दाखवते. दोन-तीन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रांच्या पूर्ण फेऱ्या, बरोबर आली की गायक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कसा उतरतो ते ऐका. तो लांब तान घेऊन निघतो, आता हा वेळेत पोहोचत नाही असं वाटतं, आणि नेमक्या पहिल्या मात्रेवर बंदिशीचा शब्द येऊन बसतो. तुम्ही मात्रा मोजत असाल तर त्या क्षणी तोंडून दाद आपसूक निघते. न मोजणाऱ्यालाही गाणं आवडतंच. मोजणाऱ्याला ते कसं आवडलं हेही कळतं.

चार मात्रांच्या पाश्चात्त्य गाण्यात हेच जास्त सोपं आहे. ड्रमचा खोल ठोका बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, कडक ठोका दुसऱ्या आणि चौथ्यावर. पाय पहिल्यावर, टाळी दुसऱ्यावर. यापेक्षा जास्त सिद्धांताची सुरुवातीला गरज नाही.

अल्बम म्हणून निघालेलं संगीत असेल तर ते क्रमाने ऐका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावत. गाण्यांना तेवढ्या लांबीची सवय लागली ती तिथूनच. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूला वीसएक मिनिटं मावू लागली, आणि कुठलं गाणं आधी, कुठलं बाजू संपताना, याचा विचार कलाकार करू लागले. गाणी उलटसुलट वाजवली की तो विचार हातून निसटतो.

पुढे काय ऐकायचं हे अॅपवर सोपवू नका, श्रेयनामावली वाचा. आवडलेल्या गाण्यात सारंगी कुणी वाजवली, संगीत संयोजन कुणाचं, ध्वनिमुद्रण कुणी केलं. त्यातलं एक नाव घ्या आणि त्याचं दुसरं काम शोधा. अशी साखळी एकदा सुरू झाली की ऐकायला काही नाही असं होत नाही. हेडफोनचा आवाज मात्र बेताचा ठेवा. मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने खाली येते. बऱ्याच फोनमध्ये हे मोजायची सोय असते, ती चालू करा. आणि जिवंत मैफल किंवा कार्यक्रम जवळपास असेल तर चुकवू नका. हौशी गायकाचा कार्यक्रमसुद्धा स्थानिक सामन्यासारखाच जवळून बघता येतो: श्वास कुठे घेतला, साथीदाराकडे कधी बघितलं.

पुस्तकं

ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्या आणि पहिल्या दिवशी पुस्तक न मागता कपाटांमधून फिरा. अनेक ग्रंथालयं १८७६ पासून चालत आलेली दशांश वर्गीकरणाची पद्धत वापरतात. त्यात संगीत ७८० पासून सुरू होतं, फुटबॉल ७९६.३३४ वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर मिळतं. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. नेमक्या पुस्तकासाठी गेलात तरी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार पुस्तकं चाळा. त्याच विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी लावलेली असतात. माझी कितीतरी आवडती पुस्तकं मला अशी शेजारच्या जागेवर सापडली आहेत.

कोणतं पुस्तक घ्यायचं याचं एकच माप ठेवा: पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान उभ्या उभ्या वाचा. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं. मधलं पान त्याचा नेहमीचा हात दाखवतं. मधलं आवडलं तर घ्या.

रोज वीस पानं वाचली तर तीनशे पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत होतं. एवढा वेग पुष्कळ आहे. तीस-चाळीस पानांनंतरही पुस्तक धरून ठेवत नसेल तर परत करा, अपराधी वाटून घेऊ नका. काही पुस्तकं वर्षा-दोन वर्षांनी उघडतात. आवडलेलं मात्र लगेच सोडू नका. शेवट कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. लेखकाने काय काय आधीच पेरून ठेवलं होतं ते दुसऱ्या वाचनात दिसतं, आणि कसब समजतं ते या वाचनातच. एखादा परिच्छेद अडला किंवा फार आवडला तर मोठ्याने वाचा. वाक्य कुठे थांबतं, कुठे धावतं, हे जिभेला डोळ्यांआधी कळतं. कविता तर मोठ्याने वाचल्याशिवाय वाचली असं मी मानतच नाही.

खेळावरची पुस्तकं सामने पाहायला लागल्यानंतर घ्या, आधी नको. डोळ्यांना दिसलेलं नसताना डावपेचांचं पुस्तक वाचलं तर ती नुसती आकृत्यांची वही वाटते. दहा-बारा सामने झाल्यावर तेच पुस्तक उघडलंत की प्रत्येक आकृतीला तुमच्या मैदानावरचा चेहरा मिळतो. खेळाचे अधिकृत नियम तेवढे आधी वाचा. ते इंटरनेटवर मोफत मिळतात आणि दरवर्षी सुधारून निघतात. संगीतावरच्या पुस्तकांचंही असंच: कलाकाराचं चरित्र वाचताना ज्या मैफलीचा, ज्या ध्वनिमुद्रणाचा उल्लेख येतो ते, पुस्तक तिथेच खाली ठेवून, ऐका, मग पुढे वाचा. चरित्र संपायला महिना लागेल, लागू दे.

एक वही

तिन्हींसाठी मिळून एकच वही ठेवा. तारीख आणि दोन ओळी, त्याहून जास्त नको. 'छान सामना', 'सुंदर गाणं' असं लिहू नका, कारण सहा महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. जे पाहिलं ते लिहा. उदाहरणार्थ:

'२-१ ने हरले. दुसऱ्या डावात ८ नंबर दमला, मधली जागा उघडी पडली, दोन्ही गोल तिथूनच खाल्ले.'

'विलंबित (संथ लयीतलं) ऐकलं. दोन मात्रांमधली जागा एवढी मोठी असते हे आज कळलं. सम दोनदाच सापडली.'

'पान ११२: आई दार उघडते ते वाक्य अर्ध्यावर सोडलंय. आणि तरी सगळं कळतं.'

अशा नोंदींमुळे पुढच्या वेळी काय बघायचं ते ठरतं. ८ नंबर पुढच्या सामन्यातही साठाव्या मिनिटानंतर दमतो का? प्रशिक्षकाने काही बदललं का? मग सामना सुरू होण्याआधीच तुमच्याकडे एक प्रश्न असतो, आणि प्रश्न घेऊन आलेला प्रेक्षक कंटाळत नाही.

मैदानावर बोलायला माणसंही याच प्रश्नामुळे मिळतात. रोज येणारा एखादा जुना प्रेक्षक असतोच. त्याला 'हा ८ नंबर पूर्वी कुठे खेळायचा?' असं विचारा आणि ऐका. जुन्या हंगामांचा इतिहास, कोण कुणाचा भाऊ, कोणत्या सामन्यात कुणाचा गुडघा गेला, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. आपलं मत सांगायची घाई करू नका. दोन-तीन सामन्यांनी तोच तुम्हाला विचारेल.

आठवडा कसा मांडावा

सामन्याचा दिवस सोडून दोन संध्याकाळी गाण्याला, बाकी दिवशी रोज वीस पानं. तिसरं ऐकणं सामन्याला जातायेता होतं. सामन्याच्या दिवशी वाचन नाही झालं तर नाही झालं. एकाच वेळी तिन्ही सुरू करणं जड वाटत असेल तर पहिला महिना फक्त सामने, दुसऱ्यापासून गाणं, तिसऱ्यापासून पुस्तक. मुलं बरोबर असतील तर पूर्ण सामन्याचा हट्ट धरू नका. एक डाव पाहून उठलं तरी चालतं, आणि लहान मुलांना 'त्या एकाच दादाकडे बघ' हा खेळ मोठ्यांपेक्षा लवकर जमतो.

हंगाम संपला की महिना-दोन महिने मैदान रिकामं राहतं. तेव्हा एरवी हिंमत होत नाही असं जाडजूड पुस्तक काढा, आणि आठवड्याच्या एका ध्वनिमुद्रणाऐवजी एकाच कलाकाराचं तरुणपणापासून उतारवयापर्यंतचं गाणं क्रमाने ऐका. सराव सामने हंगामाच्या काही आठवडे आधी सुरू होतात. त्यांची जाहिरात फारशी होत नाही, म्हणून क्लबच्या माणसाकडे तारखा आधीच विचारून ठेवा. नवे खेळाडू, बदललेले क्रमांक आणि नवी मांडणी सगळ्यात आधी तिथेच बघायला मिळते.